किनाऱ्यावरच्या पुनर्विकासात खरा वाद किमतीचा असतो की मुदतीचा?

समुद्रकाठच्या जुन्या शहरांच्या पुनर्विकासात विकासक आणि जमीनमालक यांचे वाद वर्षानुवर्षे का रेंगाळतात आणि अडून बसणारा मालक केवळ जास्त पैशांसाठीच अडतो का, असे आपण विचारले आहे. जमिनीच्या व्यवहारांचे करारनामे तपासणे हे माझे काम आहे. ते करताना माझे मत असे बनले की हे भांडण दिसायला किमतीचे असले, तरी बहुतेक वेळा थांबून राहण्याचा भुर्दंड कोणी सोसायचा यावरच ते पेटलेले असते.

विकासकाला सगळा किनारा एका दमात बांधायचा नसतो. तो हक्क आधी पदरात पाडून घेतो आणि बाजार चढेल तसतसे टप्पे हाती घेतो. ज्याचे घर आराखड्याच्या रेषेत आले आहे, त्याचे मात्र त्या दिवसापासून हाल सुरू होतात. कारण पाडल्या जाणाऱ्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही, कर्ज द्यायला बँक नाखूश असते, भाडेकरू एकेक करून निघून जातात आणि छप्पर गळत असूनही दुरुस्तीवर पैसे घालावेत की नाही हे ठरत नाही. पुढे मोबदल्यासाठी मूल्यांकन होते तेव्हा हीच पडझड घराचा दोष म्हणून नोंदली जाण्याची भीती असते, आणि ही गोष्ट मला सर्वांत अन्यायाची वाटते.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ॲसबरी पार्क या किनाऱ्यावरच्या शहराने 1980 च्या दशकात पुनर्विकासाचे हक्क एका विकासकाकडे सोपवले. पैसा आटला, 1992 मध्ये विकासकाने दिवाळखोरी जाहीर केली आणि ते हक्क त्या प्रक्रियेत अडकून पडल्यामुळे शहराला दुसरा विकासक आणता येईना. समुद्रासमोर उभारलेला एका बहुमजली इमारतीचा अर्धवट सांगाडा 2006 मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. त्या जागेवरची पुढची योजनाही बारगळली आणि तिथला उंच निवासी मनोरा 2019 मध्ये खुला झाला. एवढ्या काळात एक पिढी निघून जाते.

सक्तीच्या भूसंपादनाने ही कोंडी फुटते असे समजणाऱ्यांनी अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन शहराचे प्रकरण पाहावे. तिथल्या फोर्ट ट्रंबुल भागात घर असलेल्या सुझेट केलो आणि त्यांचे काही शेजारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. त्यांपैकी विल्हेल्मिना डेरी यांचा जन्म 1918 मध्ये त्याच घरात झाला होता. अशा व्यक्तीला मोबदल्याचा आकडा वाढवून दाखवण्यात काय अर्थ होता? 2005 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल देऊन आर्थिक विकास हाही सार्वजनिक उपयोगच ठरवला. घरे गेली, पण निवडलेल्या विकासकाला भांडवल उभे करता आले नाही, आणि ज्या फायझर कंपनीच्या शेजारामुळे योजनेला बळ मिळाले होते, तिनेही 2009 मध्ये शहरातून निघण्याचे जाहीर केले. जमीन पुढे बरीच वर्षे मोकळीच पडून राहिली.

केवळ भाव वाढवून घेण्यासाठी अडणारे मालक नसतातच, असे मी म्हणणार नाही. शेवटचा उरलेला तुकडा आपलाच आहे हे कळल्यावर मागणी चौपट करणारेही असतात आणि त्यांच्यामुळे आधी सह्या केलेल्या शेजाऱ्यांचे नुकसान होते. तरीही अडणाऱ्या प्रत्येकाला लोभी ठरवणे विकासकाच्या सोयीचे असते.

आपल्यासमोर असा करारनामा आला असेल, तर मोबदल्याच्या रकमेआधी मुदतीचे कलम वाचावे. काम ‘वाजवी कालावधीत’ सुरू होईल असे लिहिलेले असेल, तर व्यवहारात विकासकाला हवा तितका वेळ मिळतो. काम सुरू करण्याची आणि पुरे करण्याची तारीख, ती चुकल्यास दरमहा भरपाई, विकासक बुडाला किंवा त्याने हक्क दुसऱ्याला विकले तर मालकाचे हक्क आपोआप परत येण्याची तरतूद आणि मूल्यांकनासाठी आराखडा जाहीर होण्यापूर्वीची घराची स्थिती धरण्याची अट, एवढे स्वच्छ शब्दांत मागून घ्यावे. यांतले शेवटचे कलम विकासक सहसा सहजासहजी मान्य करत नाहीत. म्हणून पहिल्या बैठकीच्या आधीच घराची तारखेसह छायाचित्रे आणि स्वतंत्र मूल्यांकनाचा अहवाल तयार ठेवावा.