स्वभाव, सर्जनशीलता आणि बंद केलेल्या गोळ्या

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच समजूत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते: सर्जनशीलता हा ठरावीक स्वभावाच्या माणसांना मिळालेला वारसा आहे, आणि तो स्वभाव नसेल तर काही सुचणार नाही, असेल तर त्याचे सगळे दोष सांभाळलेच पाहिजेत. या समजुतीने एरवी वेळ आणि पैसा जातो. एका पत्रात मात्र त्याहून बरेच काही पणाला लागले आहे.

प्रश्न: माझी बारा वर्षांची मुलगी अबोल आहे. ती सर्जनशील होऊ शकणार नाही का?

उत्तर: अबोलपणा सर्जनशीलतेच्या आड येत नाही, तेव्हा तिला बोलके करणाऱ्या शिबिरात घालू नका. पूर्वी बोलकी असलेली मुलगी अलीकडे अचानक गप्प झाली असेल, तर तो वेगळा विषय आहे. अशा वेळी समुपदेशकांना भेटा.

प्रश्न: स्वभावातला नेमका कोणता गुण सर्जनशीलतेशी जोडलेला असतो? माझा मुलगा अत्यंत अव्यवस्थित आहे आणि त्याचे शिक्षक म्हणतात की कलावंत असेच असतात.

उत्तर: व्यक्तिमत्त्वाचे वर्णन मानसशास्त्रात बहुधा पाच गुणविशेषांच्या आधारे केले जाते: अनुभवांविषयीचा खुलेपणा, शिस्तबद्धता, बहिर्मुखता, सौम्यपणा आणि भावनिक अस्थिरता. यांपैकी खुलेपणाचा सर्जनशीलतेशी असलेला संबंध सर्वांत सातत्याने दिसून आला आहे. कल्पनारम्यता आणि सौंदर्याची ओढ ही त्याची एक बाजू कलांकडे अधिक झुकते, तर अमूर्त विचारांत रमण्याची दुसरी बाजू विज्ञानाकडे. शिस्तबद्धतेचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी फाइस्ट यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा कलावंत इतरांपेक्षा काहीसे कमी शिस्तबद्ध आढळले, पण वैज्ञानिक अधिक शिस्तबद्ध आढळले. हे सगळे सरासरीचे कल आहेत, आणि त्यांवरून एका मुलाचे भविष्य सांगता येत नाही. पसारा त्याला आवरायला लावा. अव्यवस्थितपणामुळे अभ्यास आणि रोजचे व्यवहारही अडत असतील, तर अवधानाच्या अडचणीची तपासणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडून करून घ्या.

प्रश्न: शाळेत आलेल्या एका संस्थेने बोटांच्या ठशांवरून मुलगा ‘उजव्या मेंदूचा’ आहे असा रंगीत अहवाल दिला. आता ते महागडा अभ्यासक्रम सुचवत आहेत. पैसे भरावेत का?

उत्तर: भरू नका. बोटांवरच्या रेषांची रचना गर्भावस्थेच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ठरून जाते. तिच्यावरून बुद्धी, स्वभाव किंवा सर्जनशीलता ओळखता येते याला शास्त्रीय आधार नाही, आणि अहवाल गुळगुळीत कागदावर छापल्याने तो निर्माण होत नाही. मेंदूचा उजवा भाग वरचढ असलेली माणसे सर्जनशील असतात, ही ‘उजव्या मेंदूची’ कल्पनाही अशीच ताणलेली आहे. अपस्मारावरील उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणारा तंतुसेतू कापण्यात आला होता, अशा रुग्णांवरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मोजक्या रुग्णांवरून सर्व निरोगी मुलांचे दोन गट पाडण्याचा उद्योग मात्र इतरांनी केला. चाचणी करायचीच असेल, तर ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञांकडून करावी, आणि तीही काही विशिष्ट अडचण असेल तरच.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ चित्रकार आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला बायपोलर विकार (आलटून पालटून अतिउत्साह आणि नैराश्य येण्याचा आजार) असल्याचे निदान झाले. ‘लिथियमने माझे रंग मेले’ असे म्हणून त्याने सहा आठवड्यांपूर्वी या औषधाच्या गोळ्या बंद केल्या. आता तो रात्री दोन-तीन तासच झोपतो, पण आठवड्यात वीस चित्रे काढली आहेत. पुढच्या महिन्यातील प्रदर्शनापर्यंत थांबावे का?

उत्तर: थांबू नका, हे वाचून होताच त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. झोपेची गरज कमी होणे आणि कामाचा हा वेग ही उन्मादाची, म्हणजे या आजारातील अतिउत्साहाच्या टप्प्याची, सुरुवात असू शकते. लिथियम एकाएकी बंद केल्यावर आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. जुन्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, कारण या औषधाची रक्तातील पातळी आणि मूत्रपिंड व थायरॉइडचे कार्य तपासूनच मात्रा ठरवावी लागते. तो स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल किंवा आवरत नसेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालयात न्या. मार्गदर्शनासाठी टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

प्रतिभा आणि वेड यांची सांगड घालणारी दंतकथा मी माझ्या चिकित्सालयात इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्याविषयी शांतपणे लिहिणे मला जड जाते. स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्जनशील व्यवसायांतील लोकांमध्ये एकूण मानसिक आजारांचे प्रमाण अधिक आढळले नाही. बायपोलर विकार हा त्याला अपवाद होता, आणि लेखकांमध्ये मात्र अनेक आजारांचे व आत्महत्येचे प्रमाण अधिक होते. हा अपवाद लोक पुराव्यासारखा पुढे करतात. परंतु असे व्यवसाय बायपोलर रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांमध्येही अधिक आढळले होते, हे कोणी सांगत नाही. म्हणजे जे उपयोगी पडते ते बहुधा स्वभावातील सौम्य कल असावेत. झोप आणि विवेक हिरावून घेणारा आजार नव्हे.

भावाची तक्रार खोटी ठरवू नका. डॅनिश मानसोपचारतज्ज्ञ मोगेन्स शाऊ यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारले होते: १२ जणांची निर्मिती वाढली होती, ६ जणांची तशीच राहिली आणि ६ जणांची कमी झाली (१९७९). तो त्या शेवटच्या सहांसारखा असेल, किंवा त्याच्या हाताला कंप सुटत असेल, तर मात्रा कमी करता येते, पर्यायी औषधाचा विचार करता येतो. मात्र हे डॉक्टरांसमोर बसून ठरायला हवे. वीस चित्रांपैकी किती ठेवण्याजोगी आहेत, हे तो बरा झाल्यावर त्यालाच ठरवू द्या. प्रदर्शन पुढे ढकलता येते.

प्रश्न: कार्यालयात सर्वांनी एकत्र बसून कल्पना मांडण्याच्या बैठकीत मला काहीच सुचत नाही. स्वभाव बदलावा का?

उत्तर: बैठकीची पद्धत बदलण्यास सांगा. माणसे एकेकटी बसून विचार करतात तेव्हा त्यांच्या कल्पनांची बेरीज गटाच्या कल्पनांपेक्षा जास्त भरते, हे येल विद्यापीठातील प्रयोगात १९५८ मध्येच दिसले होते. आपल्या कल्पना आधी लिहून न्या.

प्रश्न: माझे वय ६१ आहे. आयुष्यभर हिशेबनीस होतो, स्वभाव व्यवहारी. आता जलरंग शिकावेत असे वाटते. उशीर झाला का?

उत्तर: नाही. वर्षाचे शुल्क मात्र एकदम भरू नका, आणि वर्गाला जाण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. मोतीबिंदू असेल तर रंग फिकट आणि पिवळसर दिसतात, आणि दोष विनाकारण स्वभावाला लागतो.