संप्रेरक की विकर?

प्रश्न असा आलाय: टोमॅटोच्या लाल रंगावरच्या संशोधनाचा सारांश मराठीत करताना 'फायटोईन डिसॅच्युरेज हे संप्रेरक' असं लिहिलं तर चालेल का? आणि 'डिसॅच्युरेज'ला मराठी शब्द कोणता?

संप्रेरक नको. संप्रेरक म्हणजे हॉर्मोन. १९०५ मध्ये स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 'हॉर्मोन' हा शब्द 'चालना देणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून घेतला, आणि मराठीनं 'प्रेर' धातू वापरून तो अर्थ फार सुंदर पकडलाय. फायटोईन डिसॅच्युरेज मात्र एन्झाइम आहे, आणि एन्झाइमसाठी शाळेच्या पुस्तकांपासून रुळलेला शब्द आहे विकर. ते विकर, ती विकरे. यात 'विकार'मधलाच वि + कृ आहे, म्हणजे बदल घडवणं.

हा बदल नेमका कसला ते पाहा. फायटोईनला रंगच नसतो. त्याच्या रेणूत ४० कार्बन आणि ६४ हायड्रोजन. त्याच्यापासून बनणाऱ्या लायकोपीनमध्ये, म्हणजे टोमॅटोतल्या लाल रंगद्रव्यात, कार्बन तेवढेच, हायड्रोजन मात्र ५६. ते आठ हायड्रोजन दोन-दोन करत चार टप्प्यांत निघतात, प्रत्येक वेळी एक दुहेरी बंध वाढतो आणि बिनरंगी रेणू लालभडक होतो! वनस्पतीत यातले पहिले दोन टप्पे आपल्या विकराचे, पुढचे दोन दुसऱ्याचे.

दुहेरी बंध असलेल्या संयुगांना आपण असंपृक्त म्हणतो, म्हणून 'असंपृक्तक' घडवता येईल. पण माझ्या मते मूळ नाव ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे 'हायड्रोजन काढून घेणारे विकर' असं उलगडावं. शेवटचा 'एज' डायास्टेज या विकराच्या नावावरून आलाय (१८३३, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पायाँ आणि पेर्सो). म्हणजे नावातच विकर आहे, पण मराठी कानाला ते कळत नाही. तेव्हा 'डिसॅच्युरेज हे विकर' ही द्विरुक्ती मानू नका.

'ॲक्टिव्ह साइट', म्हणजे विकरात जिथे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा, यासाठी मी 'खोबण' लिहीन. भाताच्या याच विकराची रचना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, ती नॉरफ्लुराझोन या तणनाशकासकट. तणनाशक खोबणीत जाऊन बसतं, विकराचं काम थांबतं, कॅरोटिनॉइडं (लायकोपीनच्या कुळातली रंगद्रव्यं) बनत नाहीत, त्यांचं संरक्षण नसलेलं हरितद्रव्य उजेडात नष्ट होतं आणि पान पांढरं पडतं. रचना आणि कार्य हे शब्द जोडीनं का येतात, ते इथे दिसतं.

तुमचं वाक्य असं करा: 'फायटोईन डिसॅच्युरेज हे फायटोईनमधले हायड्रोजन काढून घेणारे विकर आहे.'