‘ब्रेकबीट’मधला ब्रेक आणि जुन्या बाजाचं रेव्ह

प्रश्न असा आला आहे: “एका संगीतविषयक लेखाचा अनुवाद करते आहे. इंग्लंडमधले तरुण कलाकार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला होतं तसं ब्रेकबीट आणि हार्डकोर रेव्ह संगीत पुन्हा करू लागले आहेत, असा विषय. मी ‘तुटक ठेक्याचे, स्मरणरंजनात्मक, कट्टर रेव्ह संगीत’ असं लिहिलं. संपादक म्हणतात, वाचकाला काही कळणार नाही. मग काय लिहू?”

वाचकाला कळणार नाही हे खरं, पण माझी अडचण वेगळी आहे. त्याला जे कळेल ते चुकीचं कळेल.

आधी ‘ब्रेक’. मराठीत हा एकच शब्द दोन इंग्रजी शब्दांचा भार वाहतो. गाडीचा ब्रेक आणि कामातून घेतलेला ब्रेक यांचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, उच्चार एक. त्यामुळे देवनागरीत दोघे एका छपराखाली आले. त्यात ब्रेकडान्सची भर. नाचणाऱ्याचे हातपाय मोडल्यासारखे दिसतात म्हणून तो ब्रेकडान्स, अशी व्युत्पत्ती मी शाळेत ऐकली होती आणि ती अजूनही छातीठोकपणे सांगितली जाते. ‘तुटक ठेका’ त्याच समजातून आला असावा.

इथला ब्रेक म्हणजे गाण्यातली एक जागा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन फंक आणि सोल गाण्यांत मधेच गायक थांबतो, गिटार आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, गप्प होतात आणि काही आवर्तनं नुसते ड्रम वाजतात. या जागेला वादक ब्रेक म्हणत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं की नाचणारे सगळ्यात जास्त उसळतात ते नेमके इथेच, आणि जागा तर काही सेकंदांत संपते. १९७३च्या सुमारास तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तेवढाच तुकडा लांबवू लागला. त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय, त्यांचा नाच तो ब्रेकडान्स, आणि ब्रेकमधून उचललेला ठेका तो ब्रेकबीट. ठेका अखंड असतो. थांबलेलं असतं ते गाणं.

लावणीच्या फडात गाणारी ओळ संपवून थांबते, पेटी मागे सरते आणि ढोलकीवाला एकटा सुटतो. त्या वाजवण्याला आपल्याकडे तोडा म्हणतात. ब्रेक समजावून सांगताना हे उदाहरण जरूर द्या. नाव म्हणून मात्र ‘तोडा’ वापरू नका. ढोलकीवाला तोडा दर वेळी नव्याने वाजवतो. ब्रेकबीटमध्ये कुणाच्या तरी हातचा, एकदाच ध्वनिमुद्रित झालेला तुकडा असतो. तो कापायचा, उलटसुलट जोडायचा, वेग वाढवायचा.

त्यातला सर्वात प्रसिद्ध तुकडा १९६९चा. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन बँडच्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाचं गाणं होतं. त्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने चार आवर्तनं वाजवली, जेमतेम सहा-सात सेकंद. हा ‘आमेन ब्रेक’ पुढे हजारो गाण्यांत गेला. ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ हे नाचाच्या संगीताचे अख्खे प्रकार त्याच्यावर उभे आहेत. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ साली अटलांटात तो वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पाउंड दिले, तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. म्हणूनच ‘सॅम्पल’ला, म्हणजे असा उचलून वापरलेल्या तुकड्याला, ‘नमुना’ म्हणायला माझा हात धजत नाही. नमुना पाहून माल घ्यायचा असतो. इथे नमुनाच उचलून माल म्हणून लावला आहे.

आता ‘रेव्ह’. हा शब्द तसाच ठेवा, पण मराठीत त्याची काय अवस्था झाली आहे ते ओळखून. मराठी वृत्तपत्रांत ‘रेव्ह’ एकटा जवळजवळ येतच नाही. तो ‘रेव्ह पार्टी’ म्हणून येतो आणि त्याच्यापाठोपाठ ‘छापा’, ‘अमली पदार्थ’ आणि ‘ताब्यात’ येतात. २००७च्या मार्चमध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी पडलेल्या छाप्यानंतर तर हा शब्द घरोघरी गेला, पण संगीत वगळून. तिथे काय वाजत होतं हे कुणी विचारलंही नाही. बातमीच्या मराठीत रेव्ह हा गुन्ह्याचा प्रकार आहे, तुमच्या लेखात तो संगीताचा. तेव्हा पहिल्यांदा शब्द येईल तिथेच ‘रेव्ह म्हणजे इंग्लंडात १९८८नंतर गोदामांत, शेतांत, माळरानांवर रात्रभर चालणारे नाचाचे मेळे आणि तिथलं संगीत’ असं एक वाक्य टाका.

इंग्रजीतही या शब्दाचं कूळ फारसं सोज्वळ नाही. मूळ क्रियापदाचा अर्थ बरळणं, भ्रमिष्टासारखं बोलणं. पन्नाशीच्या दशकात लंडनच्या बोहेमियन मंडळींनी तो धमाल पार्टीसाठी उचलला. १९६७मध्ये राउंडहाउस या सभागृहातल्या एका कार्यक्रमाच्या नावातही तो होता. मग तो मागे पडला आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परतला. मे १९९२मध्ये कासलमॉर्टन कॉमन या माळावर हजारोंचा मेळा दिवसचे दिवस चालला, सरकार हादरलं आणि १९९४च्या फौजदारी न्याय कायद्यात रेव्ह शब्द चक्क कलमाच्या शीर्षकात जाऊन बसला. त्या कलमात संगीताची व्याख्याही आहे: पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोक्यांची मालिका हे ज्याचं सर्वस्वी किंवा मुख्य लक्षण, असे ध्वनीही संगीतात धरावेत. शब्दप्रेमींनी डोक्यावर घ्यावं असं हे वाक्य आहे. ऑटेकर या जोडीने त्याच वर्षी त्याला उत्तर म्हणून एक रचना केली, तिची कुठलीही दोन आवर्तनं सारखी नाहीत. आणि रेकॉर्डवर सूचना छापली की ही वाजवताना एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ जवळ ठेवावा.

मराठी वाचकाचा आणखी एक घोळ गोव्यामुळे होतो. रेव्ह म्हटलं की आपल्याला हणजूणचा किनारा आणि गोवा ट्रान्स आठवतो. ट्रान्समध्ये प्रत्येक मात्रेवर सरळ ठोका पडतो, धप् धप् धप् धप्. ब्रेकबीटमध्ये खऱ्या ड्रमरच्या हाताची हेलकावणारी, आडवळणाची लय असते, स्नेअर, म्हणजे कडकडणाऱ्या छोट्या ड्रमचा ठोका, अनपेक्षित जागी पडतो. लेखात हा फरक सांगितला नाही तर वाचक मनातल्या मनात ट्रान्सच ऐकत बसेल.

‘हार्डकोर’चं भाषांतर अजिबात करू नका. ‘कट्टर’ म्हटलं की मराठीत कार्यकर्ता तरी दिसतो नाहीतर वैरी. ब्रिटिश इंग्रजीत हार्डकोर म्हणजे पायाखाली किंवा रस्त्याखाली घालतात तो विटा-दगडांचा भरावही; आपले गवंडी ज्याला सोलिंग म्हणतात, ते. संगीतात मात्र हे प्रकाराचं नाव आहे आणि तेही गावागणिक बदलतं. अमेरिकेत हार्डकोर म्हणजे पंक. रॉटरडॅममध्ये हार्डकोर म्हणजे गॅबर, सरळ, निर्दय ठोक्यांचं. गॅबर हा शब्द डच बोलीत ‘दोस्त’ या अर्थाचा. तुमच्या लेखातलं हार्डकोर १९९० ते ९३च्या इंग्लंडातलं: वाढवलेल्या वेगाचे ब्रेक, पियानोचे तुकडे, चिवचिवणारे आवाज. त्यातूनच पुढे जंगल निघालं. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘ब्रेकबीट हार्डकोर’ असं पूर्ण लिहा.

सगळ्यात मोठी चूक मला ‘स्मरणरंजनात्मक’मध्ये दिसते. स्मरणरंजन व्हायला आधी स्मरण लागतं. निया आर्काइव्ह्ज ही या लाटेतली ठळक गायिका-निर्माती १९९९ची. १९९२चा रेव्ह तिला आठवणार कुठून? ‘गतकातर’ शब्द चांगला आहे, पण त्यात हळहळ आहे. नॉस्टॅल्जिया हे मुळी १६८८मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या आजाराला दिलेलं नाव. हे संगीत झुरत नाही, नाचतं.

शिवाय इथला जुनेपणा भावनेत कमी आणि कारागिरीत जास्त आहे. तेव्हाच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे ध्वनीचा तुकडा साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, जागा फार थोडी. अकाई एस९५० मध्ये मूळची साडेसातशे किलोबाइट. जागा वाचवायला रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवून तुकडा घेत. वेग वाढला की स्वरही चढतो. म्हणून गायिकेचा आवाज चिमणीसारखा झाला. ‘हूवर’ नावाचा गुरगुरणारा आवाज रोलंड अल्फा जूनो या सिंथेसायझरमधला. इंग्लंडात हूवर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, आपल्याकडे फोटोकॉपीचं झेरॉक्स झालं तसं. आज कुठल्याही संगणकावर स्वर न चढवता वेग वाढवता येतो. तरी टिम रीपरसारखे निर्माते तो खरखरीतपणा मुद्दाम ठेवतात. त्याच्या लेबलचं नाव ‘फ्यूचर रेट्रो लंडन’, हेही बोलकं आहे.

याला मराठीत नेमका शब्द आहे: बाज. तबल्याचा पूरब बाज, लावणीचा बाज. बाज म्हणजे वाजवण्याची रीत. तो शिकता येतो, उचलता येतो, त्यासाठी त्या काळात जन्मावं लागत नाही. तेव्हा ‘जुन्या बाजाचं नवं ब्रेकबीट हार्डकोर’ असं लिहा. पुढे कुठे लकब सांगायची असेल तर ‘जुन्या वळणाचं’ही चालेल. फक्त ‘नवरेव्ह’ असा नवकवितेच्या चालीवरचा शब्द पाडू नका. ‘न्यू रेव्ह’ हे २००६-०७च्या ब्रिटिश पत्रकारांनी क्लॅक्सन्ससारख्या गिटारवाल्या बँडांना चिकटवलेलं नाव होतं. त्याचा ब्रेकबीटशी फार संबंध नाही.

राहिलं लेखन आणि लिंग. हिंदीत ‘रेव’ चालतं, मराठीत ‘रेव्ह’च लिहावं, लाइव्ह, ड्राइव्ह, सेव्ह या ओळीतला तो शब्द आहे. शेव खायची आणि फाइल सेव्ह करायची, हा भेद आपण पाळतोच. मेळा या अर्थी तो रेव्ह, संगीत या अर्थी ते रेव्ह. पार्टी जोडली की स्त्रीलिंग आपोआप येतं. ब्रेक पुल्लिंगी, ब्रेकबीट मी नपुंसकलिंगी वापरतो, पण ठेका मनात धरून कुणी ‘तो ब्रेकबीट’ म्हणालं तर हरकत घेऊ नये. विभक्तीसाठी सामान्यरूप करण्याची गरज नाही: रेव्हला गेले, रेव्हमध्ये वाजलं, ब्रेकवर नाचले.