नवा लॅपटॉप पळतोय, पण जुनं सॉफ्टवेअर का रखडतंय?

प्रश्न: खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका मराठी-कन्नड दोन्हीत करतो. जुना इंटेलवाला लॅपटॉप गेला म्हणून आर्म प्रोसेसरचा विंडोज लॅपटॉप घेतला. ब्राउझर मस्त पळतंय, पण जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर रखडतंय आणि प्रिंटर तर ओळखतच नाही. फसलो काय ओ?

उत्तर: फसला नाही ओ, भाषा बदलली एवढंच. पंचायतीची नोटीस कन्नडमधनं येते, आपण शेजारच्या कॉलेजच्या पोराकडनं वाचून घेतो, समजतं सगळं पण वेळ जातो, तसंच हे. तुमचं जुनं सॉफ्टवेअर इंटेल-एएमडीच्या एक्स८६ भाषेतलं, आणि आर्मला ती येत नाही, मग विंडोज दोघांच्या मधे बसून भाषांतर करत राहतं, त्याला एम्युलेशन म्हणतात. ब्राउझर मात्र बहुतेक थेट आर्मसाठीच बनवलेलं असणार म्हणून ते पळतंय. अॅपलनं २०२० मध्ये मॅक कॉम्प्युटरमध्ये इंटेल सोडून स्वतःची आर्मवाली एम१ चिप आणायला सुरुवात केली तेव्हा त्यांनीपण रोझेटा २ नावाचा असाच दुभाषा दिला होता, तो बरंचसं भाषांतर आधीच करून ठेवायचा म्हणून फार जाणवलं नाही लोकांना.

प्रिंटरचं दुखणं वेगळं. ड्रायव्हरला, म्हणजे विंडोज आणि प्रिंटरची गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरला, हा दुभाषा चालतच नाही, आर्म६४ चाच, म्हणजे थेट आर्मच्या भाषेतला ड्रायव्हर लागतो, तो कंपनीच्या साइटवर मिळतो का बघा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये आर्किटेक्चर कॉलम लावलात की कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या भाषेतलं ते कळतंय. ड्रायव्हर नाहीच मिळाला तर लग्नसराईपुरता एखादा सेकंडहँड इंटेलवाला पीसी दुकानात ठेवा, मी तरी तेच केलं असतं.