टिश्यू कल्चर म्हणजे नुसती केळीची रोपं नव्हेत

"टिश्यू कल्चर म्हणजे एका झाडाची हजार झाडं करायची, त्यात संशोधन कुठलं?" असं तुम्ही प्रकल्पाचा विषय ठरवताना विचारलंय. जी-नाईन केळीच्या बागा पाहणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे. पण टिश्यू कल्चर म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवणं; रोपं तयार करणं हा या तंत्राचा एक उपयोग झाला. संशोधक ते वापरतो, कारण पेशींचा एखादा गट झाडापासून वेगळा काढला की त्याला काय दिल्यावर तो काय करतो, हे नीट पाहता येतं. १९५७ साली स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी तंबाखूवर हेच केलं, ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही वनस्पतींची दोन संप्रेरकं देऊन. ऑक्सिन जास्त पडलं तर मुळं, सायटोकायनिन जास्त पडलं तर कोंब, दोन्हींचा तोल साधला तर नुसता कॅलस, म्हणजे आकार न आलेल्या पेशींचा गोळा.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते दिल्ली विद्यापीठातलं काम. १९६४ मध्ये शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश माध्यमावर वाढवले, तर त्यांतून चक्क भ्रूण निघाले. ते परागकणांपासून झालेले होते, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले! अशा रोपात अप्रभावी जनुक, म्हणजे एरवी दुसऱ्या संचातल्या जनुकाखाली दबणारं, झाकून राहू शकत नाही. शिवाय कोल्चिसिन या रसायनाने संच दुप्पट केला की पूर्ण शुद्ध वंश एकाच पिढीत हाती येतो. एरवी त्यासाठी सहा-सात पिढ्या स्वपरागण करत बसावं लागतं. गहू, बार्ली, मोहरी यांच्या पैदाशीत आज हे सर्रास वापरतात. जनुकांचे नकाशे करायलाही असे वंश फार सोयीचे, कारण तीच सामग्री वर्षानुवर्षं वेगवेगळ्या ठिकाणी पेरून तपासता येते.

आपल्या पुण्याचंही एक उदाहरण आहे. काही बांबू कित्येक दशकांनी एकदाच फुलतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी बांबूची कोवळी रोपं टिश्यू कल्चरमध्येच फुलवली आणि बीही धरलं. १९९० साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं.

आता तुमच्या प्रकल्पाबद्दल. आधी प्रश्न ठरवा, मग तंत्र. विषाणूमुक्त रोप हवं असेल तर खोडाच्या टोकाचा मिलिमीटरहूनही लहान तुकडा घ्या. हुबेहूब तीच जात टिकवायची असेल तर कॅलसचा मार्ग टाळा, त्यात आनुवंशिक बदल शिरतात. जनुक संपादनाकडे, म्हणजे पेशीतलं जनुक नेमकं बदलण्याकडे ओढा असेल, तर बहुतेक पिकांत खरी अडचण पुनर्जननाची आहे. जनुक बदललेल्या पेशीपासून अखंड रोप उभं राहिलं तरच पुढचं काम. तूर, हरभरा यात फार हट्टी आहेत. मार्गदर्शक तयार असतील तर तुरीचं पुनर्जनन हाच विषय घ्या.