‘तालुक्याला लाल दिवा’: चूक की बरोबर?

प्रश्न असा आहे: मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे निघून इतकी वर्षं झाली, तरी महामंडळाच्या नेमणुका झाल्या की ‘तालुक्याला लाल दिवा’ असे मथळे येतात. हे चूक नाही का?

माझ्या मते नाही. इथे ‘लाल दिवा’ म्हणजे टपावरचा दिवा नव्हे, मंत्रिपद किंवा त्या दर्जाचं पद. ही सरळ लक्षणा आहे. ‘खुर्ची गेली’ म्हटल्यावर कुणी फर्निचर शोधत नाही. पेशवाईतही सरदाराला पालखी-अबदागिरीचा मान मिळे, तेव्हा लोकांच्या लेखी महत्त्व वाहनाला नसे, दर्जाला असे. लाल दिवा त्याच घराण्यातला.

आता दिवा गेला कसा? डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल दिवा उच्च घटनात्मक पदांपुरताच ठेवा, राज्यांनी मनमानी याद्या वाढवू नयेत, असं बजावलं. मग एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याद्यांचा खेळच संपवला. मोटार वाहन नियमांतल्या १०८व्या नियमातून दिव्याचे मानकरी ठरवण्याची तरतूद निघाली आणि १ मेपासून राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या गाड्यांवरूनही दिवे उतरले. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा तातडीच्या सेवांचे दिवे तेवढे राहिले.

गंमत म्हणजे त्याआधी ‘साहेबांचा लाल दिवा गेला’ म्हणजे साहेबांचं पद गेलं. त्या १ मेला सगळ्यांचाच दिवा गेला, पद मात्र एकाचंही गेलं नाही! सुधारणा काचेला आणि बल्बला लागू झाली. राज्यमंत्र्याचा दर्जा, बंगला, ताफा यांना नाही. मग त्या दर्जाला लोकांनी जुन्याच नावाने हाक मारली, तर दोष भाषेचा कसा?

माझी हरकत वेगळ्याच ठिकाणी आहे. स्पर्धा परीक्षांच्या क्लासवाल्यांनी ‘लाल दिव्याची गाडी’ उपजिल्हाधिकारी-तहसीलदारांनाही वाटून टाकली. आपल्याकडे खुद्द जिल्हाधिकाऱ्यांच्या गाडीवर अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, दिवा असायचा. लाल दिवा त्यांच्याही वरच्यांचा. तिथे हा प्रयोग दिवे होते तेव्हाही चुकीचाच होता. बातमीच्या मजकुरात ‘राज्यमंत्र्याचा दर्जा’ लिहावं. मथळ्यात आणि पारावर लाल दिवा खुशाल चालू द्या. आणि पाच वर्षांनी ‘लाल दिवा मिळवून काय दिवे लावले?’ असं विचारायची सोयही राहते.