आयटी विभागाला नवीन सॉफ्टवेअरसाठी राजी कसे करावे?

आपण लिहिले आहे की सातपूरच्या कारखान्यात आपला विभाग अजूनही ऑफिस २०१० वापरतो आणि नवीन आवृत्ती मागितली की आयटीवाले "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" म्हणून विषय बंद करतात. नाशिकमध्येच, अंबडच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे आयटी सांभाळतो आहे, म्हणजे मी नकार देणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे.

त्या नकारामागे बहुधा आळस नसतो. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी मी डिस्पॅचचा संगणक अपडेट केला आणि सोमवारी सकाळी बारकोड लेबलचा प्रिंटर छापेना, कारण त्याचा जुना ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम, नव्या आवृत्तीवर चालत नव्हता. माल भरलेले दोन ट्रक लेबलांविना दुपारपर्यंत गेटवर उभे राहिले. अपडेट सुरळीत झाले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते, पण खोळंब्याचा जाब मात्र मलाच द्यावा लागला. त्यानंतर दोन वर्षे मी प्रत्येक मागणी परत पाठवली.

म्हणून नव्या आवृत्तीतील सोयींची यादी घेऊन जाऊ नका. समोरच्याच्या मनात दोनच प्रश्न असतात: बिघडले तर मागे कसे यायचे, आणि तेव्हा उत्तर कोण देणार?

माझा नकार मोडला तो गुणवत्ता विभागातील एका सहकारी बाईंनी. त्यांनी तपासणी अहवालांच्या चौदा एक्सेल फाइली निवडल्या, एकच संगणक मागितला, जुना संगणक महिनाभर शेजारी जसाच्या तसा ठेवण्याचे सुचवले आणि हे सारे लिहिलेल्या कागदावर आपल्या विभागप्रमुखांची सही आणली. चाचणीत तीन फाइलींचे मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, अडले. जुन्या ३२-बिट ऑफिससाठी लिहिलेल्या ज्या मॅक्रोंत विंडोजची फंक्शन्स थेट बोलावलेली असतात, त्यांतील डिक्लेअर ओळींना ६४-बिट ऑफिसमध्ये 'पीटीआरसेफ' हा शब्द जोडावा लागतो. हा दोष त्यांनी लपवला नाही, उलट स्वतःहून मला दाखवला, आणि माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

न बदलण्याचा धोकाही जरूर मांडावा, मात्र धमकीच्या सुरात नव्हे. ऑफिस २०१० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १३ ऑक्टोबर २०२० रोजी संपला, म्हणजे तेव्हापासून त्यातील सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या व्हायरसचे उदाहरण आयटीतल्या कोणालाही लगेच कळेल: ज्या त्रुटीतून तो मे २०१७ मध्ये जगभर पसरला, तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता, आणि ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांचेच संगणक अडकले.

एका बाबतीत मात्र आयटीचे ऐकावे. एखाद्या मशीनला जोडलेला जुना संगणक, ज्याचे सॉफ्टवेअर मशीनच्या उत्पादकानेच नव्या विंडोजसाठी दिलेले नाही, तो बदलण्याचा आग्रह धरू नका. तो कारखान्याच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवावा, एवढेच सुचवा.

आणि वेळ पाहून जा. मार्चअखेर टाळा, जीएसटी विवरणपत्रांमुळे ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवसही टाळा, कारण त्या दिवसांत मीसुद्धा कोणालाही "नाही" असेच सांगतो.